पंचवीस वर्षांच्या मोहिमेचा खर्च कोणी सोसला?

औरंगाबादचे नाव २०२३ साली अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले आणि मार्च २०२५ मध्ये खुलताबादच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल पेटली. या अवधीत सतराव्या शतकाविषयी महाराष्ट्रात जेवढे बोलले गेले तेवढे पूर्वी क्वचितच बोलले गेले असेल. चित्रपटगृहात बोलले गेले, सभांत बोलले गेले, दूरचित्रवाणीवर तर रोज रात्री बोलले गेले. एका बाजूने बादशहाच्या क्रौर्याचे पाढे वाचले. दुसऱ्या बाजूने, काहीशा दबक्या आवाजात, त्याच्या साधेपणाचे दाखले दिले. टोप्या शिवून मिळवलेल्या चार रुपये दोन आण्यांत आपले कफन करावे, अशी त्याची अखेरची इच्छा होती म्हणून सांगितले जाते. कबर उघड्यावर आहे, हेही सांगितले जाते. ज्या माणसाच्या मोहिमेने पंचवीस वर्षे दख्खनचे धान्य, गुरे आणि माणसे गिळली, त्याच्या कफनाच्या खर्चाचे कौतुक करणाऱ्यांच्या हिशेबीपणाला नमस्कारच केला पाहिजे. परंतु त्याला शिव्या देणाऱ्यांचा हिशेबही याहून फारसा पक्का नाही. त्या पंचवीस वर्षांनंतर गोदावरीच्या खोऱ्यातील कुणब्याच्या गोठ्यात किती बैल उरले, कणगीत बियाणे होते की नव्हते, गावात दिवा लागत होता की नव्हता, हे कोणीच विचारले नाही.

या प्रश्नाला बगल देण्यासाठी अलीकडे एक विद्वत्तेचा आधारही सापडला आहे. युद्धाने राज्ये घडतात, राज्यांमुळे कर गोळा होतात, करांमुळे पैसा फिरतो, लष्कराच्या गरजेतून कारागिरी वाढते. सबब युद्ध हे विकासाचे एक कठोर पण उपयुक्त साधन आहे, असा हा युक्तिवाद. वेर्नर झोम्बार्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली युद्ध आणि भांडवलशाही यांचे असे नाते मांडले. पुढे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिली यांनी युरोपातील राज्यसंस्थेच्या घडणीविषयी त्याच दिशेने विवेचन केले. त्यांनी आपापल्या मर्यादा जाणून लिहिले. येथे मात्र त्यांचा आधार घेऊन असे सांगितले जाते की औरंगजेबाच्या लष्करामुळेच या शहराची भरभराट झाली, बावन्न पुरे वसले, सराफा वाढला, विणकरांना गिऱ्हाईक मिळाले. शहराचे वैभव डोळ्यांना दिसते, म्हणून युक्तिवाद पटतो. ते वैभव कोठून आले हे पाहिले की तो पटेनासा होतो.

औद्योगिक समाजात युद्धाने उत्पादन वाढू शकते, याचे कारण तेथे बंद पडलेले कारखाने आणि रिकामे बसलेले कामगार असू शकतात. १९२९ च्या मंदीनंतरच्या अमेरिकेत तसे होते, म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या मागणीने तेथील यंत्रे फिरू लागली. सतराव्या शतकातील मराठवाड्यात बंद कारखाना नव्हता. तेथे जमीन होती, पाऊस होता किंवा नव्हता, बैल होते, बियाणे होते आणि राबणारे हात होते. त्या समाजाचे सारे भांडवल गोठ्यात आणि कणगीत साठवलेले असे. लष्कराची मागणी वाढली म्हणून आभाळातून अधिक पाऊस पडत नाही आणि गाय वर्षाला दोनदा वीत नाही. अशा समाजात लष्कराने जे खाल्ले ते कोणाच्या तरी ताटातून उचलले. आणि ताट रिकामे झाले की पुढची पायरी बियाण्याची, त्यापुढची बैलाची. तोफा ओढायला आणि दाणागोटा वाहायला बैल लागतो. कुणब्याचा बैल एकदा वेठीस गेला की त्याचे शेत एक वर्ष पडते. नवा बैल घ्यायला कर्ज काढावे लागते. कर्जामागून जमीन जाते. मोहिमेच्या बखरीत बैलाचा उल्लेख येत नाही, हा बखरकारांचा दोष. अर्थशास्त्राने तो गिरवण्याचे कारण नाही.

या प्रदेशाला अशा युद्धाची ओळख औरंगजेबाच्या आधीच झाली होती. मलिक अंबरने १६१० साली खडकीला राजधानीचे गाव वसवले. १६१६ साली रोशनगावच्या लढाईनंतर मोगल फौजेने ते जाळले. ते पुन्हा उभे राहिले, तोच १६२१ साली शाहजादा खुर्रमच्या फौजेने पुन्हा उद्ध्वस्त केले. पाच वर्षांत दोनदा जळालेल्या या गावातच पुढच्या औरंगाबादचे मूळ आहे. मलिक अंबरची नहर आणि त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था यांचे गोडवे सर्वच गातात आणि ते योग्यही आहे. पण त्या व्यवस्थेला स्थिर व्हायला जी शांततेची दहा-पंधरा वर्षे लागतात ती तिला कधीच मिळाली नाहीत, आणि मोगल लष्कराची रसद तोडण्यासाठी मुलूख ओसाड करण्याचे जे युद्धतंत्र मलिक अंबरने वाढवले, त्याची किंमतही त्याच मुलखाने दिली.

त्यानंतर १६३० चा दुष्काळ आला. पाऊस गुजरात आणि दख्खन या दोन्ही ठिकाणी बुडाला. तो कोणी पाडला नाही, हे खरे. परंतु त्याच वर्षांत शाहजहान स्वतः बुऱ्हाणपूरला तळ ठोकून खानजहान लोदी आणि निजामशाही यांच्याविरुद्ध मोहीम चालवत होता. माळव्यातून जे धान्य दक्षिणेकडे येऊ शकत होते ते बंजाऱ्यांच्या तांड्यांनी बुऱ्हाणपूरच्या छावणीकडे नेले. कारण तेथे रोख पैसा होता. त्याच काळात सुरतेहून आग्र्याला निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला वाटेवर प्रेतांचे खच दिसले. माणसे भाकरीच्या तुकड्यासाठी स्वतःला विकायला निघाली आणि घ्यायला कोणी नव्हते, अशा आशयाचे वर्णन बादशहाचाच दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने केले आहे. लाहोरी बादशहाच्या दानशूरपणाचीही नोंद करतो: बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार, याप्रमाणे वीस सोमवारी एक लाख रुपये गरिबांना वाटले, शिवाय खालसा मुलखाच्या वसुलात सुमारे ७० लाखांची सूट दिली. सूट मोठी होती, यात शंका नाही. पण ज्याने पेरलेच नाही त्याच्याकडून जे वसूल होणारच नव्हते ते सोडून देण्याला किती पुण्य लागते? आणि तुलनेसाठी एवढेच ध्यानात ठेवावे की चार-पाच वर्षांनी, १६३५ साली, जे मयूरासन पुरे झाले त्याची किंमत त्याच लाहोरीच्या हिशेबाने एक कोटी रुपये होती. तुकोबांच्या घरातील उपासमारीची आठवण महाराष्ट्र आजही काढतो ती याच दुष्काळाची. मोहीम मात्र दुष्काळासाठी थांबली नाही. १६३३ साली देवगिरी-दौलताबादचा किल्ला पडला तो उपासमारीनेच.

युरोपात त्याच वर्षांत, १६१८ ते १६४८ या काळात, जर्मन प्रांतांतून तीस वर्षांचे युद्ध चालले होते. वालेनस्टाइनसारखे सेनापती मुलखावर खंडणी बसवून फौज पोसत. फौज आहे म्हणून खंडणी आणि खंडणीसाठी फौज, असे ते चक्र होते. काही प्रांतांत निम्म्याहून अधिक वस्ती नाहीशी झाली. ते युद्धही धर्माच्या नावाने सुरू झाले आणि कॅथॉलिक फ्रान्स प्रॉटेस्टंट स्वीडनला पैसा पुरवत असतानाही चालूच राहिले. ज्यांना दख्खनचे युद्ध दोन धर्मांपलीकडे दिसतच नाही त्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

१६३० च्या दशकातील घावाचे मोजमाप पुढे वीस वर्षांनी झाले, आणि ते कोणा सहृदय प्रवाशाने केले नाही, महसूल खात्याने केले. जदुनाथ सरकारांनी दिलेल्या आकड्यांनुसार दख्खनच्या चार सुभ्यांचा कागदावरचा वसूल ३ कोटी ६२ लाख रुपये होता. १६५२ साली प्रत्यक्षात हाती आला सुमारे १ कोटी. म्हणजे दुष्काळ सरून आणि १६३६ चा तह होऊन दीड दशक लोटले तरी रुपयातले चार-साडेचार आणेच उगवत होते. जमीन तीच होती. नांगरायला माणूस आणि बैल नव्हता. या काळात दख्खनमधील बऱ्याच जहागिरी चारमाहीच्या हिशेबाने दिल्या जात, म्हणजे वर्षाच्या म्हणून दिलेल्या जहागिरीतून चार महिन्यांचाच पगार सुटे.

हे दुखणे औरंगजेबाचा दिवाण मुर्शिद कुली खान याने बरोबर ओळखले. (पुढे बंगालमध्ये गाजलेला मुर्शिद कुली तो निराळा; नावसाधर्म्यामुळे पुष्कळांची गल्लत होते.) त्याने ओसाड गावांत पाटील नेमले, बैल आणि बियाणे घेण्यासाठी तगाई दिली, आणि जिरायतात निम्मा व विहिरीच्या बागायतात तिसरा हिस्सा असा सरकारी भाग ठरवला. निम्मे पीक घेणाऱ्या व्यवस्थेला उदार म्हणावे लागते, यावरून तिच्या आधीची स्थिती काय असेल याची कल्पना करावी. इकडे शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला जे पत्र लिहिले त्याचा आशय हाच आहे: गावोगाव फिरावे, ज्याला बैल नाही त्याला बैल, ज्याला दाणे नाहीत त्याला दाणे द्यावे, आणि वाढीदिडी न करता मुद्दलच हळूहळू उगवून घ्यावे, यापायी दोन लाख लारीपर्यंत खर्च आला तरी चालेल. चिपळूणच्या छावणीतील लष्कराला रयतेच्या गवताच्या काडीला हात न लावण्याची जी ताकीद महाराजांनी दिली तिची पारायणे व्यासपीठांवरून होतात. रामाजी अनंताचे पत्र, ज्यात भांडवलपुरवठ्याचे स्वच्छ अर्थशास्त्र आहे, ते तुलनेने कमी वाचले जाते. ते असो. शत्रुपक्षांतील दोन शहाण्या राजवटींना शेतीचे मर्म सारखेच कळले होते, ही गोष्ट दोन्हीकडच्या भक्तांना अडचणीची असली तरी खरी आहे.

मुर्शिद कुलीने आणि त्याच्यानंतरच्या काही शांत वर्षांनी जे जमवले ते १६८२ नंतर उधळले गेले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये बादशहा औरंगाबादेत आला. त्याच सुमारास शहराला तट बांधला गेला, कारण मराठ्यांच्या स्वाऱ्या वेशीपर्यंत येत होत्या. १६८६ साली विजापूर पडले, १६८७ साली गोवळकोंडे. गोवळकोंड्यात सरकारांच्या हिशेबाने सुमारे सात कोटी रुपये रोख हाती लागले. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. पारंपरिक युद्धाचे गणित खरे मानले तर येथे युद्ध संपायला हवे होते: तीन राज्ये संपली, तीन खजिने मिळाले. ते आणखी अठरा वर्षे चालले. कारण आता ज्याच्याशी तह करावा, ज्याच्याकडून खंडणी घ्यावी, असा एक राजाच समोर उरला नव्हता. राजाराम जिंजीला गेला आणि महाराष्ट्रात युद्ध शंभर ठिकाणी पसरले. विजयातून मिळणारे उत्पन्न संपले, खर्च मात्र वाढत गेला. याला युद्धाने राज्य घडणे म्हणत नाहीत.

खर्चाची कल्पना येण्यासाठी एकच तळ पाहू. १६९५ साली गलगल्याच्या छावणीला इटालियन प्रवासी जेमेल्ली करेरी याने भेट दिली. त्याला सांगण्यात आले की छावणीचा घेर तीस मैल आहे, तिच्यात २५० बाजार आहेत आणि पाच लाख माणसे. आकडे फुगवलेले असतील, निम्मे धरू. अडीच लाख तोंडांना रोज अर्धा किलो धान्य म्हटले तरी १,२५० क्विंटल झाले. पाठीवर सुमारे एक क्विंटल वाहणारा बैल धरला तर रोज बाराशेहून अधिक बैलांची आवक झाली, तीही माणसांच्या धान्यापुरती. घोड्यांचे चंदी-चारा, हत्ती, उंट आणि खुद्द या बैलांचे खाणे हे सारे निराळे. वर्षाला साडेचार लाख क्विंटल धान्य खाणारे, स्वतः काहीही न पिकवणारे हे शहर दर काही महिन्यांनी जागा बदलत होते. ज्या परगण्यात ते उतरे तेथे भाव चढत, आणि निघून जाई तेव्हा पुढच्या हंगामाचे बियाणेही मागे राहत नसे. यावर कोणी म्हणेल की छावणीने धान्याचे दाम मोजले. दाम मोजले ते बंजाऱ्याला आणि बकालाला. कुणब्याच्या हिश्शाचे धान्य महसूल म्हणून आधीच गेलेले होते. त्याचेच धान्य विकत घेण्याचा पैसा त्याच्याचकडून वसूल केलेला होता.

निकोलाव मनुची याने या युद्धात दरवर्षी लाखभर माणसे आणि तीन लाख जनावरे मेली, आणि १७०२ ते १७०४ च्या दुष्काळ-साथीत वीस लाखांवर माणसे मेली, असे लिहिले आहे. हे आकडे मोजून काढलेले नाहीत आणि व्यासपीठावर ते शपथेवर फेकू नयेत. परंतु एक सरकारी कृती अशी आहे की तिच्याविषयी असा संशय घेता येत नाही. ज्या बादशहाने १६७९ साली जिझिया पुन्हा बसवला, त्यानेच १७०४ साली युद्ध आणि दुष्काळ यांमुळे दख्खनपुरता तो माफ केला. धर्मनिष्ठेविषयी ज्याची ख्याती, त्याला स्वतःच्या धर्माज्ञेचा कर सोडावा लागला, याहून मुलखाच्या दिवाळखोरीचा दुसरा दाखला कशाला हवा?

पैसा बाहेरून येत होता हेही खरे. बंगालचा तो दुसरा मुर्शिद कुली तेथील वसूल दक्षिणेत पाठवत होता. आग्र्याचे जुने साठे उपसले गेले. तरीही शिपायांचे पगार वर्षानुवर्षे थकले. येथे एक वाद आहे. इरफान हबीब आणि अथर अली यांनी साठच्या दशकात असे दाखवले की जहागिरींची मागणी उत्पन्नापेक्षा वाढली. जहागिरी वारंवार बदलत असल्याने जहागीरदाराला रयत टिकवण्यात स्वारस्य उरले नाही. त्याने पिळून घेतले आणि रयत परागंदा झाली. जॉन रिचर्ड्स यांचे म्हणणे याउलट, की विजापूर-गोवळकोंड्याचा मोठा मुलूख बादशहाने मोहिमेच्या खर्चासाठी खालशात ठेवला, म्हणून जहागिरींची टंचाई ही धोरणाने निर्माण केलेली होती. हा वाद विद्यापीठांत पुष्कळ चालला. कुणब्याच्या जागेवरून पाहता त्यातले अंतर फार नाही. उत्पन्न खरोखर कमी पडले काय किंवा तोफखान्यासाठी राखून ठेवले काय, त्याच्या खळ्यावर येणारा माणूस दर वर्षी नवा होता आणि घाईत होता. बुऱ्हाणपूरचा कायस्थ भीमसेन सक्सेना, जो या मोहिमांत दलपतराव बुंदेल्याच्या पदरी होता, त्याने ही घाई जवळून पाहून लिहिली आहे: जहागिरीचा भरवसा नाही म्हणून अंमलदार लुटतो, आणि लुटला गेलेला शेतकरी घोडा व हत्यार मिळवून मराठ्यांना सामील होतो.

भीमसेनाच्या या निरीक्षणावर डाव्या विचारांच्या मंडळींनी एक मनोरा उभा केला आहे. दख्खनचे युद्ध हे मोगल सरंजामशाहीविरुद्धचे शेतकऱ्यांचे युद्ध होते, असे अभ्यासवर्गांतून शिकवले जाते. शेतकरी लढला, यात वाद नाही. तो कोणासाठी लढला आणि त्याला काय मिळाले, हे मात्र तपासले पाहिजे. अथर अलींच्या मोजणीप्रमाणे औरंगजेबाच्या राजवटीच्या पूर्वार्धात एक हजार आणि त्यावरील मनसबदारांत २७ मराठे होते. १६७९ ते १७०७ या काळात ते ९६ झाले. म्हणजे युद्ध ऐन भरात असताना बादशाही उमरावांत मराठे साडेतीन पटींनी वाढले. देशमुख-देशपांडे दोन्हीकडून सनदा मिळवत होते. इकडे राजारामाला सरदार टिकवण्यासाठी सरंजाम आणि वतने द्यावी लागली. शिवाजी महाराजांनी जे वतनदारीचे बळ आवळून धरले होते ते या युद्धाने पुन्हा मोकळे सुटले. रामचंद्रपंत अमात्याच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जी सावधगिरी आहे ती या अनुभवाचीच आहे. खाफीखान सांगतो की मराठ्यांचे कमाविसदार आणि राहदार मोगल परगण्यांत ठाण मांडून चौथाई घेत, आणि गावोगावचे मुकादम त्यांच्याशी संधान बांधून गढ्या उभारत व बादशाही अंमलदाराशी वसुलाची घासाघीस करीत. गढीच्या आत कोण होते आणि बाहेर कोण, हे मराठवाड्यातील कोणत्याही कार्यकर्त्याला सांगण्याची गरज नाही.

मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा भारही लपवण्यात अर्थ नाही. १६७९ च्या नोव्हेंबरात जालना लुटले गेले. ते व्यापाऱ्यांचे गाव होते, तेथील पेठेत विणकराचे आणि शेतकऱ्याचेही देणे-घेणे अडकलेले होते. शत्रूच्या मुलखातून युद्धाचा खर्च काढणे हे त्या काळचे तंत्र होते, आणि ज्याच्यावर आक्रमण झाले त्याने ते वापरले, एवढा फरक नोंदवणे न्यायाचे आहे. परंतु चौथाईचे पंचवीस आणि सरदेशमुखीचे दहा असे शंभरातले पस्तीस जेव्हा मोगल वसुलाच्या शेजारी येऊन बसले, तेव्हा एका खळ्यावर दोन मालक झाले. १७१९ साली दख्खनच्या सहा सुभ्यांवर हा हक्क शाहूला मिळाला आणि औरंगाबाद सुभा त्यांतलाच एक. त्यानंतर निजाम आणि पेशवे यांच्यात १७२८ साली वैजापूरजवळ पालखेडला, १७६० साली उदगीरला, १७६३ साली राक्षसभुवनला जे झाले, ते बव्हंशी या एका खळ्याच्या वाटणीचे भांडण होते. दुअंमली हा शब्द त्या काळी या भागात रयतेला समजावून सांगावा लागत नसे.

मग या युद्धात कमावले कोणी? बंजाऱ्यांच्या नायकांनी काही काळ कमावले. वतनदारांनी टिकाऊ कमावले. सर्वांत अधिक कमावले ते सावकाराने, कारण पगार थकलेला मनसबदार आणि सरंजाम न उगवलेला सरदार हे दोघेही त्याच्याच दारी येत. पहिल्या बाजीरावाने धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना कर्जाविषयी लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. उत्तरेत विजय मिळवणारा पेशवा पुण्यात सावकारांच्या तगाद्याने गांजलेला होता. हे कर्ज शेवटी मामलतीच्या रूपाने गावावर उतरले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळी तर मामलतींचा लिलावच झाला.

अठराव्या शतकाविषयी नव्या संशोधकांचे म्हणणे असे की अवनतीचे चित्र अतिरंजित आहे. जेथे दहा-वीस वर्षे शांतता लाभली तेथे लागवड परतली, बाजार भरले. हे मान्य केले पाहिजे. कौल देऊन, इस्ताव्याने सारा चढवत नेऊन ओस गावे पुन्हा वसवल्याचे कागद पुष्कळ आहेत, आणि अ. रा. कुलकर्णी यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांवर मोलाचे काम केले आहे. पण इस्ताव्याचे कागद वारंवार का लागावेत, याचाही विचार व्हावा. बेचिराख हा शब्द आज मराठीत जळून खाक झालेल्याला वापरतात. मुळात तो बेचिराग, म्हणजे जेथे दिवा नाही असे गाव. महसुलाच्या दप्तरात तो एक रकाना होता. गाव उठते, परत वसते, पुन्हा उठते. प्रत्येक वेळी जुन्या मिरासदाराची जमीन गतकूळ ठरते आणि नवा येणारा उपरी म्हणून येतो. लागवडीचा आकडा पूर्वपदावर येतो. पूर्वीचा माणूस येत नाही. आकड्यावर समाधान मानणाऱ्या अर्थशास्त्राला हा फरक दिसत नाही. १८०३ साली हेच पुन्हा घडले. होळकर-शिंद्यांच्या फौजांनी दख्खन तुडवली, पाऊस हुकला, आणि जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर इंग्रजांनी जय मिळवला तेव्हा भोवतालच्या मुलखात दुष्काळ उतरलेला होता. रसदेचे बैल रोख पैशाने आणि शिस्तीने जमवण्यात वेलस्लीचे कसब होते. मराठे सरदारांच्या तिजोऱ्यांत ती रोकड नव्हती, आणि ती का नव्हती हे वर आलेच आहे.

शहराच्या भरभराटीचा शेवटही पाहावा. निजामाने १७६३ साली आपली राजधानी हैदराबादला हलवली आणि औरंगाबादचे पुरे ओस पडू लागले. किमखाब आणि हिमरू विणणारे हात तेच होते, नहरीला पाणी तेच होते. वसूल खर्च करणारा दरबार उठून गेला होता. ज्या वैभवाचे मूळ उत्पादनात असते ते दरबाराच्या पालख्यांबरोबर निघून जात नाही.

मराठवाड्याच्या आजच्या दैन्याचे खापर या तीनशे वर्षांपूर्वीच्या युद्धावर फोडण्याची एक सोयीस्कर चाल आहे. तिच्यापासूनही सावध राहिले पाहिजे. वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली मराठवाड्याचा जो अनुशेष मोजला तो औरंगजेबाने ठेवलेला नव्हता. तो १९६० नंतरच्या राज्यकर्त्यांचा होता आणि त्यातील पुष्कळजण शिवजयंतीच्या मिरवणुकीत पुढे असत.

कबरीचे दगड राहतात की जातात यावर ज्यांना रान उठवायचे आहे ते उठवतील. ज्यांना त्या युद्धाचा हिशेब हवा आहे त्यांच्यासाठी काम निराळे आहे. हैदराबाद आणि दिल्ली येथील दफ्तरखान्यांत मोगल दख्खनची लाखाहून अधिक कागदपत्रे आहेत: हजेऱ्या, पगाराची बिले, घोड्यांच्या डागाच्या नोंदी, शिपायाच्या चेहऱ्याचे वर्णन, जहागिरींचे आकारमान. सेतुमाधवराव पगडींनी भीमसेन, खाफीखान आणि दरबारची बातमीपत्रे मराठीत आणून एक दार उघडले. त्यानंतर परगण्या-परगण्याच्या वसुलाचे कागद मराठीत आणून ते पुण्याच्या पेशवे दफ्तरातील गावझाडत्यांशी ताडून पाहण्याचे काम पुष्कळ शिल्लक आहे. त्यासाठी फारसी आणि मोडी दोन्ही वाचणारी माणसे लागतात. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात अशी दहा मुले तयार करण्याचा खर्च एका पुतळ्याच्या चौथऱ्याहून कमी येईल. पैठण, वैजापूर, अंबड, जालना या चार परगण्यांपासून आरंभ करता येईल. युद्धापूर्वी तेथील वसूल किती होता, १७०७ साली किती उरला आणि बेचिराग म्हणून किती गावे मांडली गेली, एवढे जरी या शहराने स्वतःच्या खर्चाने छापून काढले तरी पुरे.